सांगलीच्या काळ्या मातीतले लॉन आणि जास्वंद दरवर्षी पुन्हा पिवळी का पडतात? कारणे आणि उपाय

जुलै संपत आला की विश्रामबाग, कुपवाड, मिरज आणि सांगलीवाडी या भागांतील अंगणांतून एकच तक्रार ऐकू येते. मे महिन्यात खत घातले, पाऊसही बरा झाला, तरी लॉनवर पिवळे पट्टे उठले आणि जास्वंदीच्या शेंड्याकडची पाने फिकट पडली. गणपतीच्या आसपास काहीतरी उपाय केला जातो, हिवाळ्यात झाडे थोडी सावरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटणारी नवी पालवी पुन्हा पिवळीच येते. वर्षातून दोनदा परतणारा हा पिवळेपणा बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेचा असतो. लोह जमिनीत असूनही मुळांना ते घेता येत नाही, त्यामुळे नुसते खत वाढवून तो जात नाही आणि अनेकदा खत वाढवल्यामुळेच तो अधिक गडद होतो.

उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांना हे लक्षण चांगले परिचित आहे. ते त्याला केवडा पडणे असे म्हणतात. द्राक्षबागेतील केवडा मात्र बुरशीमुळे होणारा निराळा रोग आहे, आणि त्यासाठी आणलेले बुरशीनाशक लॉनच्या किंवा जास्वंदीच्या या पिवळेपणावर फवारल्यास पैसे वाया जाण्यापलीकडे काहीही घडत नाही.

पिवळेपणा कोणत्या पानावर आहे, हे आधी पाहावे

उपाय ठरवण्यापूर्वी निदान पक्के करणे अत्यंत आवश्यक आहे आणि त्यासाठी दहा मिनिटे झाडाजवळ बसणे पुरेसे असते. लोह एकदा एखाद्या पानात पोहोचले की तेथून नव्या पानाकडे सहसा सरकत नाही. म्हणून लोह कमी पडू लागले की जुनी, खालची पाने हिरवी राहतात आणि शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात. त्यांतही शिरा हिरव्या राहून शिरांमधला भाग फिकट होतो, त्यामुळे पानावर हिरव्या जाळीची नक्षी उमटल्यासारखी दिसते. कमतरता तीव्र असेल तर नवे पान जवळजवळ पांढरे निघते आणि त्याच्या कडा करपतात. नत्राच्या कमतरतेत हा क्रम उलटा असतो. नत्र जुन्या पानांतून नव्या पानांकडे वाहून नेले जात असल्याने खालची पाने आधी, आणि तीही शिरांसकट सरसकट, पिवळी पडतात. मॅग्नेशियम कमी असेल तर जाळी दिसते खरी, पण ती जुन्या पानांवर दिसते.

लॉनमध्ये हे ओळखणे थोडे अवघड जाते, कारण गवताचे पाते अरुंद असते. सकाळच्या उजेडात भिंगाखाली पाते धरले तर लांबीच्या दिशेने जाणाऱ्या हिरव्या आणि पिवळ्या बारीक रेघा दिसतात. डिसेंबर-जानेवारीत सगळेच लॉन निस्तेज होणे यात धरू नये. हरळीच्या जातीची आणि मेक्सिकन गवते उष्ण हंगामातील असल्यामुळे थंडीत त्यांची वाढ मंदावतेच. तसेच एखादा ठिपका पिवळा होऊन लवकरच तपकिरी झाला आणि तेथील गवत हाताने ओढल्यावर मुळांशिवाय सहज सुटून आले, तर खाली हुमणीच्या अळ्या आहेत का हे बोटभर खणून पाहावे. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात हुमणी मोठ्या प्रमाणावर आहे. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर जमतात आणि त्यांची पिढी अंगणातल्या लॉनमध्येही उतरते. अशा ठिकाणी लोहाची फवारणी निरुपयोगी आहे. तेथे मेटारायझियम या उपयुक्त बुरशीचे द्रावण ओलसर मातीत द्यावे लागते.

तरीही शंका उरली तर एक साधी परीक्षा आहे आणि कोणताही खर्च करण्यापूर्वी ती प्रत्येकाने करावी, असे मला मनापासून वाटते. एक लिटर पावसाच्या किंवा एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व आणि ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवावे, त्यात भांडी धुण्याच्या द्रवसाबणाचे दोन थेंब घालावेत आणि एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर हे द्रावण ब्रशने लावावे. दुसरा अर्धा भाग तसाच सोडावा. आठवडाभरात लावलेला भाग हिरवा होऊ लागला आणि उरलेला पिवळाच राहिला, तर लोहाची कमतरता सिद्ध झाली. दोन्ही भाग सारखेच पिवळे राहिले तर या लेखातील फवारण्या करू नयेत. कारण दुसरे कोठेतरी आहे.

जमिनीत लोह असूनही ते मुळांना का मिळत नाही

आपली काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून बनलेली आहे आणि त्या खडकात लोह विपुल असते. अडचण अशी, की या मातीत मुक्त चुनखडही बरीच असते आणि तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-विम्लता दाखवणारा आकडा; ७ च्या वर विम्लधर्मी) साधारणपणे ७.८ ते ८.५ च्या दरम्यान राहतो. सामू ७.५ च्या वर गेला की लोह जवळजवळ न विरघळणाऱ्या रूपात जाते. ते मातीत असते, परंतु मुळांना शोषता येत नाही. मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाकले आणि फसफस झाली, तर आपल्या अंगणात मुक्त चुनखड आहे असे समजावे. फसफस जितकी जोरदार, तितके झाडांच्या निवडीचे स्वातंत्र्य कमी.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील महाबळेश्वरच्या जांभ्या मातीत हा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही, कारण जास्त पावसाने धुऊन निघालेली ती माती आम्लधर्मी आहे. रोपवाटिकेतून लाल मातीत किंवा कोकोपीटमध्ये वाढवलेली इक्झोरा, अनंत किंवा गुलाबाची रोपे आणताना हिरवीगार दिसतात आणि आपल्याकडे लावल्यावर दुसऱ्या हंगामात पिवळी पडतात, त्याचे कारण यातच आहे: मुळे पिशवीतल्या मातीच्या गोळ्याबाहेर पडून चुनखडीच्या मातीत शिरलेली असतात. रोपवाटिकेने फसवले अशी समजूत अनेकांची होते, पण ती बहुधा बरोबर नसते.

आता मुख्य प्रश्न असा, की माती बारा महिने तीच असताना पिवळेपणा विशिष्ट महिन्यांतच का येतो. याचे उत्तर पाण्यात आहे. भारी काळी माती पाणी धरून ठेवते आणि फुगून तिची छिद्रे बंद होतात. पावसाळ्यात पाणी साचले की मुळांना प्राणवायू मिळत नाही. शिवाय मुळांच्या आणि जीवाणूंच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू न शकल्याने चुनखडीबरोबर त्याची क्रिया होऊन बायकार्बोनेट वाढते. हे बायकार्बोनेट मुळांची लोह घेण्याची क्षमता दाबून टाकते. उन्हाळ्यात तेच बायकार्बोनेट दुसऱ्या वाटेने येते: बोअरच्या जड पाण्यातून. कुंडीच्या कडेला आणि नळीच्या तोंडाशी बसणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा आहे. फेब्रुवारीपासून नवी पालवी भराभर वाढत असते, लोहाची गरज सर्वाधिक असते आणि नेमक्या त्याच काळात आपण रोज बोअरचे पाणी देऊ लागतो.

पाण्याची शिस्त, जिच्याशिवाय बाकीचे उपाय टिकत नाहीत

माझ्या मते संपूर्ण प्रश्नाचा निम्म्याहून अधिक भाग येथेच सुटतो, म्हणून याविषयी सविस्तर लिहितो.

निचरा किती आहे हे प्रथम मोजावे. लॉनच्या पिवळ्या भागाजवळ हातभर लांब-रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, पाणी जिरू द्यावे आणि पुन्हा भरून तासाभरात पातळी किती खाली जाते ते पाहावे. ही घट २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर निचरा अपुरा आहे. अशा वेळी लॉनच्या उताराकडील कडेला वीतभर रुंद आणि दीड वीत खोल चर काढून त्यात खडी भरावी आणि चराचे तोंड पावसाळी गटारीकडे काढून द्यावे. पेव्हर ब्लॉक घातलेल्या अंगणात लॉन सभोवतालच्या फरशीपेक्षा खाली राहिलेले असते आणि सारे पाणी त्यातच उतरते. तेथे चर काढण्याला पर्याय नाही.

उन्हाळ्यात रोज थोडे थोडे पाणी शिंपडण्याची सवय सोडावी. एप्रिल-मे महिन्यात लॉनला दर चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण ५ ते ६ लिटर पाणी लागते. ते रोज न देता तीन-चार दिवसांतून एकदा १५ ते २० लिटर असे, पहाटे, सावकाश द्यावे. दोन पाळ्यांच्या मध्ये वरचा थर वाफशावर आला पाहिजे, म्हणजे माती हातात घेतल्यावर चिकटू नये आणि भुगाही होऊ नये. वाफसा आलेला नसताना दिलेले पाणी भारी जमिनीत मुळांचे नुकसानच करते. लॉनमध्ये लव्हाळा वाढू लागला असेल तर तेथे ओल सतत जास्त राहते आहे का, हे आधी तपासावे. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की नळी गुंडाळून ठेवावी आणि टायमरवर चालणारे तुषार बंद करावेत. टायमर सुरूच राहिल्यामुळे भर पावसातही लॉनला पाणी मिळत असल्याचे अनेक ठिकाणी दिसते.

पाणी कोणते द्यावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते बागेत सोडण्याची पद्धत आता घरोघरी आहे, आणि त्यामागील काटकसर स्तुत्य असली तरी त्या पाण्यात मूळ पाण्यातील क्षार एकवटलेले असतात. ते फरशी किंवा अंगण धुण्यास वापरावे, झाडांना देऊ नये. जड पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचे पाणीही झाडांना नको, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेले असते. पावसाचे पाणी मात्र सोने आहे. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे १००० लिटर पाणी मिळते. एक-दोन टाक्या भरून ठेवल्यास फवारणीसाठी आणि कुंड्यांतील नाजूक झाडांसाठी ते बरेच महिने पुरते.

भिंतीलगतचा पिवळा पट्टा

लॉन मध्यभागी हिरवे आणि कंपाउंडच्या भिंतीलगत पिवळे असेल, तर दोष बांधकामाच्या राड्यारोड्याचा आहे. घर बांधताना पायाजवळ पुरलेले सिमेंट, चुना आणि गिलाव्याचे तुकडे पुढे अनेक वर्षे सामू वाढवत राहतात. येथे औषधे देत बसू नये; हातभर रुंदीचा पट्टा एक फूट खोल खणून राडारोडा काढून टाकावा आणि चाळलेली पोयट्याची माती व कुजलेले शेणखत भरावे.

प्रचलित, परंतु निरुपयोगी किंवा अपायकारक उपाय

पिवळे दिसले की युरिया टाकणे हा सर्वांत रूढ उपाय आहे. युरियाने काही दिवस वाढ जोमाने होते, पण तेवढ्या नव्या पात्यांना पुरेल इतके लोह मिळत नसल्याने पिवळेपणा अधिक पसरतो. डीएपी वारंवार दिल्यास जमिनीत साठलेला स्फुरद लोहाची उपलब्धता आणखी घटवतो. चुलीची किंवा शेकोटीची राख सामू वाढवते, म्हणून ती या मातीत मुळीच घालू नये. अंड्यांची टरफले म्हणजे बहुतांशी चुनखडच, आणि ती आपल्याकडे आधीच जास्त आहे. गंजलेले खिळे झाडाच्या बुंध्याशी पुरण्याचा सल्ला वडीलधारी माणसे प्रेमाने देतात, परंतु गंज हे लोहाचे तेच रूप आहे जे मुळांना घेता येत नाही.

गंधक टाकून सामू खाली आणावा, असेही सांगितले जाते. तत्त्वतः हे बरोबर आहे, कारण मातीतील जीवाणू गंधकाचे आम्लात रूपांतर करतात. परंतु हिशेब करून पाहावा: एका चौरस मीटरमधील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २०० किलो भरते, तीत फक्त १ टक्का चुनखड असली तरी ती २ किलो होते, आणि तेवढी निष्प्रभ करण्यासाठी जवळजवळ ६४० ग्रॅम गंधक लागते. चुनखड ५ टक्के असेल तर तीन किलोंहून अधिक, तेही एका चौरस मीटरला. सबंध लॉनसाठी हा मार्ग व्यवहार्य नाही; कुंडीत किंवा एका झाडाच्या खड्ड्यात शेणखताबरोबर मूठभर गंधक घालण्यापुरताच त्याचा उपयोग आहे.

दरवर्षी लॉनवर लाल मातीचा थर देण्याची प्रथाही तपासून पाहण्याजोगी आहे. काळ्या मातीवर निराळ्या पोताचा पातळ थर बसला की दोन थरांच्या सीमेवर पाणी अडते आणि मुळे वरच्या थरातच राहतात. भर द्यायचीच असेल तर त्याच जागेची चाळलेली माती आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात मिसळून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेला थर द्यावा.

उपचार

झटपट हिरवेपणासाठी फवारणी उपयोगी आहे. १० लिटर पावसाच्या पाण्यात आधी १० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावे, मग ५० ग्रॅम हिराकस घालावी. एवढे द्रावण सुमारे १०० चौरस मीटर लॉनला पुरते. हिराकस फिकट हिरव्या रंगाच्या स्फटिकांची असावी. ती पिवळसर तपकिरी झाली असेल तर हवेने खराब झालेली आहे, घेऊ नये. बोअरच्या पाण्यात द्रावण केले तर ते थोड्याच वेळात गढूळ तपकिरी होते आणि निकामी ठरते. फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर करावी. फरशी, भिंत आणि पांढऱ्या कपड्यांवर थेंब उडाल्यास गंजाचे डाग पडतात व ते निघत नाहीत, म्हणून कडेच्या फरशीवर आधी पाणी मारून ठेवावे आणि फवारणी झाल्यावर ती लगेच धुवावी. लॉनचा रंग दोन-तीन दिवसांत गडद होतो. फवारलेले लोह मात्र नंतर येणाऱ्या पात्यांत जात नाही, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत पिवळेपणा परततो आणि फवारणी पुन्हा करावी लागते. केवळ फवारणीवर अवलंबून राहणाऱ्या अंगणांत हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो, तो यामुळेच.

जमिनीतून लोह द्यायचे तर कोरडी हिराकस मातीत टाकू नये, ती लवकरच बद्ध होते. उसासाठी हेक्टरी २५ किलो हिराकस शेणखतात मुरवून देण्याची शिफारस आहे. तेच प्रमाण अंगणाला लावले तर दर चौरस मीटरला अडीच ग्रॅम होते. तेवढी हिराकस चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखताच्या एका ओंजळीत मिसळून आठ-दहा दिवस सावलीत झाकून ठेवावी आणि मग मे महिन्याच्या अखेरीस लॉनवर पसरावी. शेणखतातील सेंद्रिय आम्ले लोहाला धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत पोहोचू देतात.

ज्या मोजक्या झाडांवर आपला विशेष जीव आहे, उदाहरणार्थ परसातले लिंबू किंवा जुना गुलाब, त्यांच्यासाठी चिलेटेड लोह, म्हणजे मातीत बद्ध होऊ नये म्हणून दुसऱ्या सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले लोह, घ्यावे, पण पुडीवरचे नाव वाचूनच. ईडीटीए प्रकारचे लोह सामू ६.५ च्या पुढे टिकत नाही, म्हणून आपल्या मातीत ते मुळांशी देण्यात अर्थ नाही. फवारणीसाठी ते चालते. मातीतून देण्यासाठी ईडीडीएचए प्रकारचेच हवे, ज्याचे द्रावण गडद लाल होते आणि जे सामू ९ पर्यंत टिकून राहते. ते महाग आहे. मध्यम झुडपाला ५ ते १० ग्रॅम, पाण्यात विरघळवून, वाफशावर असलेल्या मातीत आळ्याच्या कडेने द्यावे. पालवी फुटण्याच्या सुमारास, फेब्रुवारीत, दिल्यास त्याचा सर्वाधिक लाभ होतो.

नत्राची गरज अमोनियम सल्फेटमधून भागवावी. मुळे अमोनियमच्या रूपातील नत्र घेतात तेव्हा त्यांच्या सभोवतालची माती किंचित आम्लधर्मी होते आणि तेथील लोह थोडे मोकळे होते. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा दर चौरस मीटरला २० ग्रॅम पुरेसे आहे, आणि ते टाकल्यावर लगेच पाणी द्यावे, अन्यथा पाती करपतात.

पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर एकेकदा, माती वाफशावर असताना, लॉनमध्ये टोकदार सळईने १० सेंटिमीटर खोल भोके पाडावीत आणि त्यांत चाळलेले गांडूळखत झाडूने लोटावे. ओल्या मातीत हे काम करू नये. भोकांच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि हवा खेळत नाही. गवत कापताना उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक कधीही कापू नये. हरळीच्या जातीचे लॉन ३ ते ४ सेंटिमीटर ठेवावे. फार बारीक कापलेल्या गवताची मुळे उथळ राहतात आणि तेच सर्वांत आधी पिवळे पडते.

पुराचा गाळ आलेल्या बागा

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या अंगणात कृष्णेचे पाणी आले, त्यांच्या लॉनखाली बारीक गाळाचा एक घट्ट थर अजूनही सापडतो. फावड्याने एक उभा काप घेऊन पाहिल्यास तो फिकट रंगाने वेगळा ओळखू येतो. त्यावर नवे लॉन अंथरलेले असेल तर त्याची मुळे त्या थराशीच थबकतात. थर दोन बोटांपेक्षा जाड असेल तर लॉन उचलून, माती वाफशावर असताना वीतभर खणून थर खालच्या मातीत मिसळावा, शेणखत घालावे आणि नंतरच गवत पुन्हा लावावे. वरून कितीही लोह दिले तरी अशा जागी ते कामी येत नाही.

मातीपरीक्षण केव्हा करावे

पाण्याची शिस्त पाळून आणि वरील उपचार करून एक संपूर्ण हंगाम गेला तरीही फरक पडला नाही, तर अंगणात चार-पाच ठिकाणी १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घेऊन, एकत्र करून, सावलीत वाळवून अर्धा किलो नमुना जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्यावा. बोअरच्या पाण्याची एक बाटलीही सोबत न्यावी. अहवालात सामू, विद्युत वाहकता, मुक्त चुनखड आणि उपलब्ध लोह पाहावे. उपलब्ध लोह ४.५ पीपीएमपेक्षा (दशलक्ष भागांत ४.५ भाग) कमी असल्यास कमतरता मानली जाते. विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे माप, ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त आहे आणि तिला चांगल्या निचऱ्यासह भरपूर गोड्या पाण्याने धुऊन काढावे लागेल. सामू ८.५ च्या वर आणि सोडियमचे प्रमाण जास्त असेल, तरच जिप्सम घालावे, आणि तेही निचऱ्याचा चर आधी काढून. सोडियम जास्त नसताना जिप्सम घातल्याने पिवळेपणात काही सुधारणा होत नाही.

मुक्त चुनखड १० टक्क्यांच्या वर निघाली तर इक्झोरा, अनंत आणि लिंबू यांना मोठ्या कुंडीत, लाल माती व शेणखताच्या मिश्रणात लावून केवळ पावसाचे किंवा गोडे पाणी द्यावे, आणि जमिनीत कण्हेर, बोगनवेल, डाळिंब, सीताफळ व शेवगा लावावा. लॉनसाठी अशा जागी मेक्सिकन गवताऐवजी देशी हरळी निवडावी; ती जून-जुलैमध्ये, पहिल्या चांगल्या पावसानंतर वाफसा येताच, वीतभर अंतरावर टोकावी.